शनिवारच्या वड्या

वकील सुलोचनाताई मले पहिल्यांदा भेटल्या त्या आमच्या राईस मिलच्या फाटकापाशी. आम्ही बाया सिमेंटच्या आंगणात उकडलेला धान पायानं फिरवून वाळवत होतो. ताईंनी विचारलं, "सुट्टी कधी असते?"

"इतवारी. तीही शेठचं मन झालं तर."

"कचेरीतल्या बाबूंना शनिवारही असतो. तुम्हाला का नाही?"

मी म्हटलं, "बाबूचं काम पडून राह्यलं तर नासत नाही. धान नासते."

ताई रागावल्या नाहीत. शिकलेली माणसं आमचं ऐकून मान हलवतात आन निघून जातात; ह्या धान कसा भिजतो, कसा वाळतो ते विचारत बसल्या. मग शेठसमोर त्यांनी हिशेब मांडला: गुरुवारी-शुक्रवारी नवा धान भिजवायचाच नाही, म्हणजे शनिवारी आंगण रिकामं. मजुरी न कापता शनिवारची सुट्टी मिळाली, पण पावसाळ्यापर्यंत पाहू, मग पक्की करू, असं शेठ बोलले.

आन आमच्या बायांनी काय केलं? पहिल्याच शनिवारी मुगाच्या वड्या घालायले मिलमध्येच गेल्या. तसं तापलेलं आंगण गावात दुसरं नाही. शेठ म्हणाले, "पहले झाड़ू लगा लो." मग म्हणाले, "ये बोरियाँ भी सरका दो." दुपारपर्यंत अर्धा दिवस भरला. ताई आल्या तशी शेठ हसले, "वकील साहिबा, इनको तो छुट्टी चाहिए ही नहीं."

ताईंनी वाद घातला नाही. ज्या लुगड्यावर वड्या घातल्या होत्या त्याचे दोन कोपरे त्यांनी धरले, मले म्हणाल्या, "बाई, दोन तुम्ही धरा." भर बाजारातून ते ओलं लुगडं आम्ही त्यांच्या घराच्या छतावर नेलं. निम्म्या वड्या चपट्या झाल्या. माझी जाऊ कुरकुरली, "भाजीत टाकल्या तर भाकरीसारख्या दिसतील." ताई म्हणाल्या, "दिसू द्या. पण शनिवारी मिलचं तोंड पाहायचं नाही."

त्या दिवसापासून छताची एक चाबी आम्हा बायांपाशी आहे. खाली ताईंचे पक्षकार बसतात, वर मूग वाळतात. पावसाळा लागला तेव्हा शनिवार पक्का झाला. आता आजूबाजूच्या मिलमधल्या बायाही मागून राह्यल्या, आन त्यांनाही मिळेल.

एक खोट मात्र सांगतो, हा ताईंच्या गौरवाचा लेख असला तरी. ताई स्वतः शनिवार पाळत नाहीत. कधी तिरोडीले मिलच्या बायांची सभा, कधी परसवाड्याले.

ताई पंच्याहत्तरीच्या झाल्या. त्यांनी शंभरी गाठावी, डोळे आन गुडघे धड राहावेत. पण यापुढं शनिवारी छतावर खाट टाकून बसावं आन वड्यांवरचे कावळे हाकलावेत. परसवाड्याच्या बाया सोमवारीही भेटतात.