जेवून तं जाय

माझं गाव सानगडी सोडलं त्या सकाळी साकोलीची एसटी आमच्या घरासमोर उभी होती आणि मी ओसरीत बसून भात खात होते. बाबा बसच्या दारात एक पाय ठेवून ड्रायव्हरला सांगत होते, "थांबा ना जी, पोरगी जेवून राहिली." ड्रायव्हर थांबला. खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईने "सावकाश जेव वो बाई" असं बजावलं. आईने तेवढ्यात आणखी भात वाढला. तलावावर धुकं होतं. बस, माणसं, बाबांचा पांढरा सदरा, सगळंच जरा तरंगल्यासारखं. आजही पुण्यातल्या खोलीत डोळे मिटले की ती बस उभीच असते.

पुण्यात कोणी थांबत नाही असं सांगितलं की गावात राहिलेल्यांना ती तक्रार वाटते. तक्रार नाही. लिफ्ट, कॅब, मीटिंग, सगळं आपापल्या वेळेला निघून जातं, एवढंच. मग एके दिवशी नोकरीही गेली. घरी सांगितलं नाही. पडदे लावून पडून राहायचं, भूक मेलेली, आणि उद्या उठायचं कशाला याचं उत्तर सापडत नव्हतं. फोनवर आई विचारायची, "जेवली का वो?" मी हो म्हणायचे.

अशाच एका दुपारी त्या खोलीला घाबरून मी मल्टिप्लेक्समध्ये जाऊन बसले. हिंदी सिनेमा होता. जगण्याला विटलेला एक माणूस स्वतःच्या अंत्यविधीचं सामान आधीच घेऊन ठेवायला दुकानात जातो. दुकानदार खडूस, आणि तितकाच एकटा. आज बांबू ओले आहेत, उद्या या. आज मडकं तडकलंय, परवा या. असं करत करत दोघांची दोस्ती होते. लोक पोट धरून हसत होते. मला हसूही येत होतं आणि रडूही. शेवटाकडे दुकानदार त्याला घरी बोलावून ताट वाढतो, आणि हा न जेवताच उठून दाराकडे निघतो. कुठे निघालाय, ते थिएटरात सगळ्यांना कळतं.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, तेव्हा बघणारे गप्प बसत नाहीत. खेळातल्या राजालाही चार शब्द सुनावतात. ते अंगात मुरलेलं. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अरे, काहून जाऊन राहिला रे? जेवून तं जाय!"

पुढच्या रांगांमधली डोकी मागे वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग शेजारच्या खुर्चीतून खणखणीत आवाज आला, "बरोबर आहे! वाढलेल्या ताटावरून उठतात का?" अंधारात ओळखल्याच नव्हत्या मी, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या लिमयेकाकू! माझ्या कपड्यांचं पाणी त्यांच्या कुंड्यांवर ठिबकतं म्हणून नुकतीच त्यांनी माझी बिनपाण्याने केली होती.

पडद्यावरचा माणूस परत फिरला की नाही, खरंच आठवत नाही. दिवे लागले तेव्हा काकू माझ्याकडेच बघत होत्या. "तू जेवलीस का?" या वेळी हो म्हणता आलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात वरणभात खाता खाता मी सगळं सांगून टाकलं आणि तिथूनच घरी फोन लावला. बाबांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नोकरी गेली तं गेली. तू तं हायेस ना? मंडईले ये."

गेले. काकूंनाही घेऊन गेले. दंडारीत त्या अगदी पुढे बसल्या आणि राजा शिकारीला निघाला तशा ओरडल्या, "अहो, जेवून तरी जा!" सगळी सानगडी त्यांच्याकडे वळून हसली. मला तेव्हा फार बरं वाटलं.

आता दुसरी नोकरी आहे. कपड्यांच्या पाण्यावरून आम्ही अजून भांडतो. माझ्यासारखे लांब गेलेले तुम्ही, घर कुठे विचारलं की पत्ता सांगत असाल. मला मात्र मंडईनंतरची ती परतीची सकाळ आठवते. तलावावर तसंच धुकं. बस येऊन उभी. आम्ही ओसरीत, आई वाढतेय, काकू "पुरे, पुरे" म्हणत आणखी घेतायत. बाबांचा एक पाय बसच्या दारात.

"थांबा ना जी," ते म्हणाले, "दोघी जेवून राहिल्या."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.