आडमळ्यातलं ताईचं घर

माझ्या बहिणीला तिच्या घरानं खाल्लं.

कुणी "अपघाती निधन" म्हणतं, कुणी "नशीब". मी खाल्लं म्हणते. आज वर्ष झालं, आज तरी मला माझ्या शब्दांत बोलू द्या.

आम्ही दोघी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. वडील रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा ताई रिकाम्या खोलीत उभी राहून म्हणाली होती, "मी असं घर घेणार, जिथून मला कुणी उठवणार नाही."

पुढे ती रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला लागली. राहायला सणसवाडीत भाड्याची खोली. एकटी बाई म्हटल्यावर घरमालकांचा पहिला प्रश्न ठरलेला.
"मिस्टर कुठं असतात?"
"अजून जन्मले नाहीत," ताई म्हणायची.
मग खोली मिळायची नाही, हे ओघानं आलंच.

कारेगावच्या पुढे रो हाऊसची स्कीम निघाली तेव्हा पहिल्याच रविवारी ती मला घेऊन बघायला गेली. बोर्डावर काहीतरी "ग्रीन" वगैरे नाव होतं. रिक्षावाला मात्र म्हणाला, "आडमळ्यात जायचंय व्हय?"

ताईला ते नाव भारी आवडलं. आडमळा. म्हणजे आडबाजूचा मळा. हायवेचा गोंगाट नाही, कंपनीचे भोंगे नाहीत.

तिथं मेंढरं घेऊन एक आप्पा बसले होते. एजंटला सोडून ताईनं त्यांनाच विचारलं, "आप्पा, जागा कशी आहे?"

"जागा आडाची हाय, बाई. बघून घ्या."

"मला आडबाजूचीच पाहिजे आप्पा," ताई हसून म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग एजंटकडे. एजंट म्हणाला, "चला मॅडम, आतून बघू." आणि आम्ही आत गेलो.

नळाखाली बादली लावून मोठ्या झालेल्या आम्ही. आड म्हणजे दोरीनं पाणी शेंदायची अरुंद, खोल विहीर, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आप्पांना वाटलं, आपण सांगितलं. ताईला वाटलं, आपल्याला कळलं.

पहिल्या उन्हाळ्यात सगळं गाव भाजून निघत होतं आणि ताईच्या किचनची फरशी गार. दुपारी ती तिथंच सतरंजी टाकून पडायची. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंत, एसी नको की काही नको."

मग किचनचं दार घासायला लागलं. तिनं ते तासून घेतलं.

मग ओट्याजवळ पाऊल टाकलं की पोकळ आवाज यायला लागला, रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा.

एजंटला फोन केला. तो म्हणाला, "नवीन बांधकाम आहे मॅडम, बसतंय. एक पावसाळा जाऊ द्या."

बसतंय. किती सहज म्हणाला मेला.

भिंतीला भेग गेली, ताईनं ती पांढऱ्या सिमेंटनं भरली. भेग परत आली, तिनं परत भरली. कंपनीत दिवसभर लोकांचे पार्ट रिजेक्ट करणारी बाई, पण स्वतःच्या घरातला फॉल्ट तिला बघवत नव्हता. मी म्हणाले, इंजिनिअरला दाखव. तर माझ्यावरच उखडली.
"आता तू पण मला इथून उठव."

तो रविवार होता. आठवडाभर झड लागलेली. दुपारी मी हॉलमध्ये बसले होते, ती चहा टाकत होती.

"आलं टाकू का गं?"

"टाक," मी म्हणाले.

फार मोठा आवाज झाला नाही. गोण्या सरकवल्यासारखा झाला.

दारात गेले तर ओटा एका बाजूनं लोंबत होता, गॅसची नळी ताणलेली, आणि फरशीच्या जागी काळं भोक. खालून गार हवा येत होती. मी ताईला हाक मारली. माझीच हाक मला परत ऐकू आली.

तिला वर काढेपर्यंत संध्याकाळ झाली.

बाहेर गर्दीत आप्पा उभे होते. अंगावर भिजलेलं घोंगडं. कुणाशीच न बोलल्यासारखे म्हणाले, "आड उघडला."

तेव्हा मला तो शब्द कळला.

वरून मुरूम ढकलून आड बुजवला होता, त्यावर फरशी घातली होती. केस चालू आहे. एजंट पण चालू आहे, त्याचा नवा बोर्ड पुढच्या फाट्यावर लागलाय.

आज सकाळी तिथं जाऊन आले. ताईच्या घराला पत्रे ठोकलेत. बाकीची रांग भरलेली आहे. कपडे वाळत होते, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, सगळं नेहमीसारखं.

आप्पा भेटले. त्यांनी माझी चौकशी केली. मग पत्र्यांकडे बघत म्हणाले, "लय गोड पाणी व्हतं. माणसांचा आड व्हता ह्यो."

मी बरं म्हणून निघाले. चार पावलं गेल्यावर थांबले. एकदा या माणसाचं बोलणं अर्धवट ऐकून आम्ही पुढे गेलो होतो.

"आप्पा, माणसांचा म्हणजे?"

"ह्यो माणसांचा. जनावरांचा निराळा व्हता."

"कुठं?"

आप्पांनी काठी उचलली आणि त्या सगळ्या घरांवरून हळूहळू फिरवली.

"हितंच. लिंबाच्या अंगाला. तवा झाडावरनं वळखायचो. आता लिंबच न्हाई, तर कुठं म्हून सांगू?"

मी एकेक दार वाजवत गेले. तिसऱ्या घरातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, हळू बोला ना. आमच्याकडे आज घर बघायला गिऱ्हाईक येणार आहे."

म्हणून इथं मोठ्यानं बोलतेय. आडमळ्यात तुमचं कुणी राहत असेल, कुणी घर बघत असेल, तर त्यांना आत्ता फोन करा.

ताई, तुझ्या नावानं आज मला एवढंच करता येतंय.