पाडलेल्या लॉजचे पाहुणे

पोलादपूरचे ते प्रकरण तसे मोठे नव्हते. वर्तमानपत्रात त्याच्या चार ओळी आल्या असतील. पण निवृत्तीनंतर कुणी जुन्या केसेसबद्दल विचारले की खून-दरोड्यांच्या आधी मला तेच आठवते. यातल्या कुणाचेही नाव मी लिहिणार नाही. माणसे अजून तिथेच राहतात.

त्या वेळी मी पोलादपूर ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. महामार्गावरच्या ठाण्याचा निम्मा वेळ अपघातांत जातो आणि उरलेला आंबेनळी घाटात अडकलेल्या गाड्यांत. पावसाळी सुट्ट्यांत महाबळेश्वरला जाणाऱ्यांची गर्दी वाढली की बसायलाही फुरसत मिळत नाही. अशाच एका शनिवारी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही, पण तो एखादा हॉटेलवाला असावा.

"वाडीतला एक म्हातारा बिनपरवाना लॉजिंग चालवतोय साहेब. दर सुट्टीला त्याच्या दारात बाहेरच्या गाड्या. आम्ही गिऱ्हाइकांची ओळखपत्रं घेऊन तुम्हाला कळवायचं, आणि त्याला कायदा नाय काय?"

हवालदारांना घेऊन मी वाडीत गेलो. कौलारू घर, पुढे स्वच्छ सारवलेले अंगण आणि अंगणात पुण्याची गाडी. ओटीवर एक शिक्षिका, तिचा नवरा आणि सासू तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ जेवत होती. आमचे गणवेश पाहून नवरा ताटावरून उठू लागला. घरमालक, पंचाहत्तरीचा ताठ म्हातारा, त्याला हाताने बसवत म्हणाला, "जेवू द्या त्यांना साहेब. मग काय ते विचारा."

आम्ही थांबलो. जेवण झाल्यावर जे कळले ते वेगळेच होते. या कुटुंबाने मोबाइलवर जाहिरात पाहून पोलादपूरच्या एका हॉटेलात खोली घेतली होती. पैसे आधीच भरले होते. पण मोबाइलवरचा नकाशा त्यांना घेऊन आला तो थेट महामार्गाच्या काँक्रीटच्या भिंतीपाशी. हॉटेल नव्हतेच. जवळच्या टपरीवाल्याने सांगितले, असा लॉज पूर्वी होता, मालक वाडीत राहतात. म्हाताऱ्याने त्यांना घरात घेतले, जेवू घातले, झोपायला जागा दिली आणि एक पैसाही घेतला नाही.

शिक्षिकेने जाहिरातीतली छायाचित्रे दाखवली. असल्या खोल्या मी लहानपणी फक्त सिनेमात पाहिल्या होत्या. पलंगाच्या उशाला बटणे ठोकलेले मरून रंगाचे रेक्झिन, नारिंगी पडद्यांवर मोठमोठी वर्तुळे, बारीक पायांचा सोफा, पोपटी रंगाचा टेलिफोन. एका खोलीत अख्खी भिंत व्यापणारे बर्फाच्या डोंगराचे चित्र होते.

"हल्ली सगळीकडे त्याच पांढऱ्या चादरी आणि तेच काचेचे बाथरूम," ती म्हणाली. "या खोल्या पाहिल्या आणि वाटलं, एक रात्र तरी इथे राहायचं."

"ह्यो माझाच लॉज," म्हातारा म्हणाला. तरुणपणी तो बोटीवर खलाशी होता. परदेशी बंदरांत रस्त्याकडेच्या मोटेलांची रंगीत पोस्टकार्डे मिळत. ती त्याने जमवली आणि गावी परतून एकेका कार्डाबरहुकूम एकेक खोली सजवली. मग मुंबईहून छायाचित्रकार आणून स्वतःच्या खोल्यांचीही पोस्टकार्डे छापून घेतली. ती पाहुण्यांना फुकट मिळत. जाहिरातीतली छायाचित्रे त्याच कार्डांवरून घेतलेली होती. महामार्गाच्या चौपदरीकरणात लॉज पाडला गेला.

"मग तुमच्या लॉजच्या नावावर लोकांना कोण फसवतंय, काका?"

"मला काय ठावं नाय."

हे वाक्य मी सेवेत हजार वेळा ऐकले आहे. ते खरे आहे की खोटे, हे शब्दांवरून कळत नाही. पण आपल्या नावावर दुसरा कुणी लबाडी करतो आहे असे समजले, की माणूस आधी चिडतो. हा चिडला नव्हता. तो खाली बघत होता.

शिक्षिका फिर्याद द्यायला तयार होईना. "काकांनी आमचं इतकं केलं, उगाच त्यांच्या मागे लचांड कशाला?" मी तिची समजूत काढली आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल करून घेतला. चौकशीत कळले की याआधीही अशी बरीच कुटुंबे येऊन गेली होती. सगळ्यांना म्हाताऱ्याने असेच सांभाळले होते. एकानेही तक्रार केली नव्हती. फसलेल्या माणसाला कुणी मायेने जेवू घातले की त्याचा राग उतरतो आणि तो ठाण्याची पायरी चढत नाही.

तपास मात्र अडला. पैसे गेलेले बँक खाते नवी मुंबईतल्या एका नाका कामगाराचे निघाले. किरकोळ पैशांसाठी त्याने ते कुणाला तरी वापरायला दिले होते. सिमकार्डही भलत्याच्याच नावावर होते. माझा संशय पुन्हा म्हाताऱ्यावर आला. लोक नेमके त्याच्याच दारात पोहोचत होते. त्याला ठाण्यात बोलावले, चहा दिला, फिरवून फिरवून तेच प्रश्न विचारले.

"माझ्या लॉजच्या नावानं आली ती माणसं. माझ्या दारातून उपाशी कशी जातील?" यापलीकडे तो बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात घाटात दरड आली आणि वाहतूक बंद झाली. त्या दिवशी त्याच काँक्रीटच्या भिंतीपाशी एक वयस्कर जोडपे भर पावसात हॉटेल शोधत फिरत होते. नवरा मधुमेही. चक्कर येऊन तो रस्त्याकडेला पडला. आमच्या गाडीतून त्याला महाडला रुग्णालयात नेले. तो वाचला, पण त्याची बायको बाकावर बसून मला एवढेच म्हणत होती, "खोली मिळाली की हे जरा आडवे होतील म्हणून निघालो हो. मी खोली बघितली होती."

तिथून मी थेट वाडीत गेलो. म्हातारा शेतावर होता. त्याची बायको ओटीवर वाल सोलत बसली होती. मी तिच्याशेजारी बसून मोबाइलवर एकेक चित्र तिला दाखवू लागलो. तिला ते आवडले असावे.

"ही कोपऱ्यातली. ही डोंगरवाली, हितं नवी जोडपी उतरायची." पुढच्या चित्राशी ती थांबली. "ही तर आमची खोली."

"आमची म्हणजे?"

"आमी ऱ्हायचो ती. ही कधी भाड्यानं दिली नाय. फोटोवाल्याचं रीळ उरलं व्हतं, म्हणून त्यानं आमचीबी खोली काढलीन. तिचं एकच कार्ड हाय, घरच्या आल्बमातलं."

"ते कार्ड आता कुठे आहे, आजी?"

ती सांगणार होती. पण तिची नजर अंगणाकडे गेली आणि ती पुन्हा वाल सोलू लागली. म्हातारा येऊन उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

मी आवाज चढवला नाही. रुग्णालयातल्या माणसाबद्दल सांगितले. मग म्हणालो, "काका, तुम्ही जेवू घालता म्हणून लोक फिर्याद देत नाहीत. आणि ते फिर्याद देत नाहीत म्हणून पुढचे येतात. आज एकाचा जीव जात होता."

तो पायरीवर टेकला. बराच वेळ त्याने डोक्यावरचे इरले काढले नाही.

"आल्बम पोराकडं हाय," तो म्हणाला. "मुंबईला. पयल्या पाहुण्यांनी फोटो दावला तवाच मला कळलं."

"अहो, काय बोलताय?" बायको म्हणाली.

"खरं तेच बोलतोय गो."

मी पत्ता विचारला. तो म्हणाला, "पत्ता देतो. पण आधी मला फोन करू द्या. मी बोलावलं तर येईल." नियमाने मी नाही म्हणायला हवे होते. आरोपीला सावध करणे म्हणजे त्याला पळायला वाट देणे. तरी मी पत्ता लिहून घेतला आणि फोन करू दिला.

"घरी ये," तो फोनवर म्हणाला. "पोलीस दारात बसलेत. मी सगळं सांगितलंय. तू ये." आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलगा एसटीने पोलादपूरला उतरला आणि स्वतःच ठाण्यात आला. हातातल्या पिशवीत आल्बम होता. पन्नाशीकडे झुकलेला, नोकरी सुटलेला, घरात ती गोष्ट लपवून ठेवलेला माणूस. "लॉज पाडल्यावर मी ते फोटो इंटरनेटवर नुसते टाकले होते," तो म्हणाला. "लोक विचारायला लागले, हे हॉटेल कुठे आहे, खोली मिळेल का. एकाला मी हो म्हणालो. मग थांबता आलं नाही."

"फसलेले लोक तुझ्या वडिलांकडे जात होते, हे माहीत होतं?"

त्याने मान वर केली. "बाबांकडे?"

"ते त्यांना जेवू घालून, झोपायला देऊन परत पाठवत होते."

तोपर्यंत तो व्यवस्थित उत्तरे देत होता. यानंतर त्याने आल्बमची पिशवी टेबलावर सरकवली आणि तोंड फिरवले. मी जबाब थोडा वेळ थांबवला.

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही. आम्ही पंचनामा करून आल्बम आणि मोबाइल जप्त केला. तरी खरे वजन पडले ते बापाच्या साक्षीचे. महाडच्या न्यायालयात त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून ते एकमेव कार्ड ओळखले. वकिलाने विचारले, आरोपी तुमचा कोण? "मुलगा," तो म्हणाला, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभा राहिला. मुलाला शिक्षा झाली. ती भोगून तो आता गावीच आहे.

गुन्हा झाकणारा माणूस नेहमी वाईटच असतो, असे मी सेवेची बरीच वर्षे मानत होतो. या माणसाने आपल्या परीने दुसऱ्याच्या पापाची भरपाई करायचा प्रयत्न केला. त्या भरपाईनेच गुन्हा वाढत गेला. हे त्याला तोंडावर सांगणे मला कुठल्याही उलटतपासणीपेक्षा जड गेले. तेव्हापासून एखादा भला माणूस गप्प बसलेला दिसला की तो कुणाला वाचवतो आहे, हे मी आधी पाहू लागलो.

साक्षीच्या दिवशी पुण्याची ती शिक्षिकाही आली होती. न्यायालयाच्या आवारात तिने म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला. त्याने तिच्या सासूची चौकशी केली. मग थोडे अडखळत विचारले, "बाई, त्या खोल्या तुमाला आवडल्या व्हत्या ना?"

"खूप आवडल्या होत्या काका. त्यांच्यासाठीच तर आलो होतो."

त्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पडदे एवढे नारिंगी नव्हते. कार्ड छापणाऱ्यानं रंग जास्ती चढवलान. खरे जरा फिके व्हते."