मायनं पुरी केलेली पात

"तुला एडीएचडी आहे, आणि सोबत डिस्लेक्सियाही आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी मायकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मॅडमनी समजावून सांगितलं. एडीएचडीत लक्ष एका जागी टिकवणं अवघड जातं. डिस्लेक्सियात बुद्धी चांगली असूनही वाचताना फार कष्ट पडतात. ही दोन्ही पुष्कळदा एकत्र असतात.

आमचं गाव जिंतूरजवळ. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी तीन विषय राहिले. पुन्हा राहिले तर कॉलेज बंद, असं दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते. तेव्हा कॉलेजातल्या एका बाईंनी मला परभणीच्या दवाखान्यात पाठवलं.

पहिल्या भेटीत गाडी अडली ती मायपाशी. लक्षणं लहानपणापासून आहेत का, हे घरच्यांनी सांगायचं असतं. घरी दिवसभर "काय करायलीस? ध्यान कुठं हाय तुझं?" म्हणणारी माय तिथं म्हणाली, "काहीच खोट न्हाई ओ लेकीत. लय हुशार हाय."

"वस्तू विसरते का?"

"कधीच न्हाई."

बाहेर बाकावर मला रडू आलं. "माय, खोटं कशाला बोललीस?"

"मग? परक्यापुढं लेकीला येडी म्हणू का?"

पुढच्या भेटीत मॅडमनी वेगळंच विचारलं. "शेतात कसं काम करते ही?"

माय एकदम हसली. "कापूस वेचायला प्रत्येकीला एक ओळ असती, पात म्हणतो आमी. हिची पात कधी पुरी झालीच न्हाई. चार झाडं वेचली की ही दुसरीच्या पातीत! बाया हसायच्या. मग माझी झाली की मीच माघारी येऊन हिची पुरी करायची."

"कधीपासून?"

"शाळेत नुकती जायली व्हती तवापासून."

हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी माझी पात पुरी दिसायची. मला वाटायचं, ती मीच केली.

मग डोळे, कान, वाचन, सगळ्याच्या तपासण्या झाल्या आणि निदान झालं. "गोळीनं लक्ष टिकायला मदत होईल," मॅडम म्हणाल्या. "वाचनाला गोळी नाही. त्याला सराव, आणि परीक्षेत जादा वेळ."

"म्हंजे पात हिचीच, वेळ तेवढा जास्त?"

"अगदी तसंच."

"मग करील ती," माय म्हणाली.

तुम्ही कुणाला घेऊन अशा दवाखान्यात गेलात, तर घरी ज्यावरून रागावता ते तिथं मोकळेपणानं सांगा. त्यानं लेकराची बदनामी होत नाही. माझ्या उपचाराची सुरुवात तिथूनच झाली.

यंदा जादा वेळ मिळाला. दोन विषय निघाले, एक राहिला. मी घरी निकाल सांगितला.

माय दादांना म्हणाली, "एकच पात राहिली हाय. आन् ह्या दोन हिनं स्वतः केल्यात, मी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चप्पल घालताना दादा एवढंच म्हणाले, "एसटीचा पास संपला असंल तुझा. आजच काढून घे."