पसंतीला दोन पर्याय लागतात

जगात कुणालाही काहीही सहज आवडू शकतं, ही गोष्ट आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी आयुष्यात कधी मान्य केली नाही. माणूस वस्तू घेतो ती समाधानासाठी, आणि समाधान हे पर्यायांची तुलना करूनच घ्यायचं असतं, असं ते वर्गात शिकवत. वर्गाबाहेर, दुर्दैवाने, तसंच वागत. मी गगनबावड्याकडच्या एका वाडीतून कोल्हापुरात शिकायला आलो, तेव्हा सरांनी मला शाहूपुरीतल्या आपल्या खोलीत राहायला जागा दिली. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि पोचलो तो त्यांच्यामुळे. म्हणून हे वाचून कुणाला त्यांचं हसू आलं तर हसावं, पण माझ्यासारखं, जरा तोंड फिरवून.

आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवत असू. एखादी वस्तू जसजशी जास्त मिळते, तसतसं तिच्या पुढच्या नगापासून मिळणारं समाधान घटत जातं, हा सिद्धांत सर तिथे पांढऱ्या रश्श्यावर पडताळून पाहत. प्रत्येक वाटीनंतर डोळे मिटून ते आतलं काहीतरी ऐकत असल्यासारखे बसत. एकदा मालक आग्रहाने चौथी वाटी घेऊन आला, तर सरांनी हात आडवा धरला आणि हिच्यात आता फारसं समाधान उरलेलं नाही, असं शांतपणे सांगितलं. मालकाचा चेहरा उतरला. मटण कुणी आणलं, मीठ कुणी घातलं, अशी आत चौकशी सुरू झाली. शेवटी सरांनीच उठून त्याची समजूत घातली, “अहो, दोष रश्श्यात नाही, चौथ्या वाटीत आहे.” त्या भल्या माणसाने ते मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो सरांना तिसरीनंतर एकदम पाचवी वाटी वाढू लागला.

चपलांच्या दुकानातही तेच. एक जोड करकर वाजणारा, दुसरा मऊ. दोन्ही सारखंच समाधान देतात, तेव्हा निवड करायला कारणच उरत नाही, असं म्हणत सर दोहोंच्या मधे अनवाणी उभे राहिले. दुकानदार बराच वेळ वाट बघून म्हणाला, “मग एक पाय ह्यातला न्या आनि एक त्यातला.” सर त्यावरही विचार करू लागले, तेव्हा मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. जुन्या चपला घालून.

अशा माणसाचं लग्न जमणं अवघडच. आधीची दोन स्थळं त्यांच्या उत्तरांनीच परत गेली होती आणि चाळिशी दारात आली होती. तशात हातकणंगल्याचं स्थळ आलं. मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सरांना जवळचं कुणी नव्हतं, म्हणून वराकडची मंडळी म्हणून मीच एकटा बरोबर गेलो. शिक्षिका बाई स्वतःच पोहे घेऊन आल्या. सरांनी एकदा वर पाहिलं आणि मग पोह्यांत चमचा फिरवत राहिले. डोळे मिटले नाहीत, काही तोललं नाही. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. मी त्यांना इतका ओळखत होतो की मला लगेच कळलं, सरांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सहज आवडलं आहे. आता त्यांनी बोलू नये, एवढीच माझी इच्छा होती.

पण मुलीचे मामा मोकळ्या आवाजाचे गृहस्थ. ते म्हणाले, “हे बगा पावणं, आडपडदा नको. पोरगी पसंत हाय का न्हाय?”

‘पसंत’ हा शब्द कानावर पडला आणि सर वर्गात गेले. त्यांनी चमचा खाली ठेवला. “पसंती ही नेहमी तुलनेत असते,” ते म्हणाले. “निदान दोन पर्याय समोर असल्याशिवाय ती सांगता येत नाही.”

मामांनी फेटा सारखा केला. “म्हंजे? धाकटीबी दावायची व्हय? साळंत जाती अजून ती.”

दाराआडून कुणीतरी रडक्या आवाजात, मी न्हाई येणार, असं म्हणालं. मामा उठले. मी उठून हात जोडले आणि सिद्धांत समजावून सांगू लागलो, त्याने ते जास्तच चिडले. सर बिचारे आपलं काय चुकलं ते शोधत पोह्यांकडे बघत होते. तेवढ्यात बाईच बोलल्या.

“मामा, बसा की. दुसरा पर्याय एकटं ऱ्हायाचा. तो त्यांनी इतकी वर्षं बघितलाच हाय. आता सांगू देत.”

सरांनी मान वर केली. बाईंकडे पाहिलं. मग इतक्या हळू बोलले की मामांना कान पुढे करावा लागला. “पसंत आहे,” ते म्हणाले.

पुढे मला नोकरी लागली आणि कोल्हापूर सुटलं. अधूनमधून जायचो, तेव्हा सर बाईंनी आणलेला पोपटी स्वेटर घालून, बाईंनी निवडलेल्या खुर्चीत बसलेले असत आणि कशाबद्दलही त्यांची तक्रार नसे. अशी पंचवीसेक वर्षं गेली; मागच्या खेपेला ते बाजारातच भेटले. लेकीच्या बाळंतपणासाठी बाई सांगलीला गेल्या होत्या. सर पिशवी घेऊन बाहेर पडले होते, ती रिकामीच होती. काय घ्यावं ते कळलं नाही, म्हणाले. आम्ही गप्पा मारत घरापर्यंत आलो. त्यांनी स्वतःच कुलूप काढलं, दार ढकललं आणि आत तोंड करून सवयीने हाक मारली, “अगं, कोण आलंय बघ.”

मग आम्ही दोघेही क्षणभर तसेच उंबऱ्याशी उभे राहिलो, उत्तराची वाट बघत.