रावेतला गेलेली गाडी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यापुढे गाडी चालवायची नाही असं सांगितलं, तेव्हा पप्पांनी एकच प्रश्न विचारला, "कुठलीच?"

काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "कुठलीच." पप्पांनी चष्म्याची पेटी खिशात टाकली आणि जिना उतरता उतरता मला म्हणाले, "मग तिला विकून टाकू. उभी राहिली तर गंजेल."

ती म्हणजे सांगवीतल्या आमच्या घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली जुनी अमेरिकन गाडी. फिकट हिरवी, लांबलचक, पुढं सोफ्यासारखी अखंड सीट आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला. पप्पा कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झाले त्या सुमारास भोसरीत एका गाळ्यामागं ती त्यांना सापडली होती. टायर नव्हते, सीटमध्ये उंदरांनी घरं केली होती आणि बॉनेटवर शेळ्या बसायच्या. मालक ती भंगारात घालणार होता. पप्पांनी ती मागून घेतली, त्याच गाळ्याचा एक कोपरा भाड्यानं घेतला आणि तिला चालती करण्यात बरीच वर्षं घालवली. मिळाले ते पार्ट जुन्या बाजारातून आणले, न मिळालेले स्वतः लेथवर बसून केले.

त्या सगळ्या काळात माझ्या वाट्याला डबा आला. रविवारी मी भोसरीला डबा घेऊन जायचे. पप्पा गाडीखालून हात बाहेर काढून म्हणायचे, "ठेव तिथं. आणि तू जा आता, ऊन होईल." मी चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दिवसभर गाड्यांच्या पार्टांची बिलं माझ्या हाताखालून जातात, पण या गाडीतला एकही पार्ट पप्पांनी मला कधी नावानं दाखवला नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही. निदान ती विकायला काढेपर्यंत तरी वाटलं नव्हतं.

जाहिरात मीच टाकली. फोटो काढले, मजकूर लिहिला, फोन नंबर माझा दिला. पुष्कळ फोन आले. बहुतेकांना नुसतं बघायचं होतं, फोटो काढायचे होते. मग एका रविवारी रावेतहून एक बाई आली. माझ्याच वयाची, एका कॉलेजात गणित शिकवणारी. नवरा बरोबर होता, पण तो त्यांच्या स्वतःच्या गाडीत एसी लावून मोबाइल बघत बसला. ती थेट शेडमध्ये गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "काका, सायलेन्सर तुम्ही बनवून घेतला ना? हा मूळचा नाही."

पप्पांनी तिच्याकडं असं पाहिलं, जसं मी दहावीचा निकाल घेऊन आले तेव्हाही माझ्याकडं पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी ती दोन चहा पिऊन गेली. पुढच्या रविवारी परत आली. त्याच्या पुढच्याही. घ्यायची की नाही हे ती बोलत नव्हती आणि पप्पाही विचारत नव्हते. दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असायचे. मी चहाचे कप घेऊन गेले की कानावर काहीतरी नवीनच यायचं. समोरच्या जाळीला क्रोमचा मुलामा द्यायला पप्पा प्लेटिंगवाल्याकडं स्वतः बसून राहायचे. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ते गाळ्यात एकटेच होते आणि त्यांना रडू आलं होतं. हे मला माहीतच नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं. मी त्याच रविवारी डबा घेऊन गेले असेन, आणि "ठेव तिथं" ऐकून परत आले असेन.

"काका, चोक किती ओढायचा?" ती विचारायची.

"कान लावून बघ. ती सांगते. घाई नाही करायची, बाळ."

बाळ. हा शब्द आमच्या घरात माझा होता. मी ट्रे तसाच कट्ट्यावर ठेवला आणि आत येऊन आईला म्हटलं, "ती काही घेणार नाही. फुकटचं शिकायला येते."

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "शिकू दे की. तुझं काय जातं?"

त्या बाईच्या पायातल्या चपलांपासून तिच्या हसण्यापर्यंत सगळं मला खटकू लागलं. ती हाताला ग्रीस लागलं तर ओढणीला पुसायची, आणि पप्पा, जे आम्हाला सोफ्यावर पाय घेऊ देत नसत, ते कौतुकानं बघायचे.

म्हणून मी दुसरं गिऱ्हाईक आणलं. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीतला, चाकणकडचा, मंगल कार्यालयाचा मालक. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, माणूस दिलदार. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, टपावर थाप दिली आणि म्हणाला, "झ्याक हाय. काका, बोला, जास्तीचं देतो. आमी हिला लग्नाला लावणार."

पप्पा म्हणाले, "जपून वापरा म्हणजे झालं."

"व्हय तर! फकस्त ह्यो टप तेवढा कापून टाकू."

"टप कापणार?"

"मग? नवरदेव उभा ऱ्हायला नको? बंद गाडीत कोण बघतंय त्याला! वर फुलांची कमान लावू, मागं डीजे. काय, ताई?"

तो माझ्याकडं बघून हसला. मीही हसले. मला ते टप कापणं दिसत होतं, ग्राइंडरच्या ठिणग्यासुद्धा दिसत होत्या, आणि तरी मी म्हणाले, "पप्पा, हे चांगलं गिऱ्हाईक आहे. विचार करा."

पप्पांनी त्याला हात जोडले. "भाऊ, चहा घेऊन जा. गाडी नाही द्यायची." तो गेला. शेडमध्ये जाऊन त्यांनी टपावर उमटलेला त्याच्या हाताचा ठसा पुसला, आणि संध्याकाळी रावेतला फोन करून व्यवहार पक्का केला.

गाडी न्यायला ती सकाळी आली. नवऱ्याला काम होतं म्हणून रिक्षानं आली. पप्पा म्हणाले, "मी शेजारी बसतो, तुला रस्ता कळेपर्यंत." रस्ता तिला पाठ होता, तिथंच तर ती राहत होती. पण ते बसले. त्यांना परत आणायला मी माझी छोटी गाडी घेऊन मागून निघाले.

सांगवी फाट्यापासून मी त्यांच्या मागं होते. मागच्या रुंद काचेतून दोन डोकी दिसत होती. पप्पांचा हात सारखा हलत होता, कधी डावीकडं दाखवत, कधी हळू म्हणून खाली दाबत. शेजारून जाणारे टू-व्हीलरवाले मोबाइल काढून शूटिंग करत होते. माझ्याकडं कोण बघणार?

डांगे चौकातल्या सिग्नलला गाडी बंद पडली. सिग्नल हिरवा झाला, मागं हॉर्नचा नुसता गोंगाट सुरू झाला. मला वाटलं, आता पप्पा उतरतील, तिला सीटवरून बाजूला करून स्वतः गाडी सुरू करतील. खोटं कशाला बोलू, मला आत कुठंतरी बरं वाटलं. पण ते उतरले नाहीत. त्यांनी काचेबाहेर हात काढून मागच्यांना थांबवलं आणि मान तिच्याकडं वळवून शांतपणे काहीतरी सांगत राहिले. गाडी दोनदा घुरघुरली, तिसऱ्यांदा सुरू झाली. शेजारच्या शेअर रिक्षातले प्रवासी टाळ्या वाजवायला लागले.

रावेतला तिच्या सोसायटीत पेढे झाले, फोटो झाले. फोटोत पप्पा आणि ती मध्ये, मी कडेला.

परत येताना ते माझ्या शेजारी पट्टा लावून हात मांडीवर ठेवून बसले. शेवटी मला राहवलं नाही.

"मला कधी चालवायला दिली नाहीत."

"मागितली असतीस तर दिली असती."

"तिनं तरी कुठं मागितली होती? व्यवहार ठरायच्या आधीच तुम्ही किल्ली तिच्या हातात दिलीत."

ते म्हणाले, "हे बघ, राग मानू नकोस. तू मला दवाखान्यात नेतेस. औषधं वेळेवर देतेस. डोळ्यांत थेंब तूच घालतेस. तुझ्या गाडीत मी पेशंट असतो, बाळ. तिच्या शेजारी बसलो की मी मिस्त्री असतो."

एवढं सगळं मी करते, आणि त्याचीच ही शिक्षा? पण ते खरं बोलत होते आणि ते बोलताना त्यांना जड जात होतं, हेही दिसत होतं. काळेवाडी फाट्याजवळ रसाचं गुऱ्हाळ दिसलं, तिथं गाडी लावली. आम्ही दोघांनी उभ्यानं रस प्यायला. विषय तिथंच राहिला.

त्यानंतर रविवारी रावेतहून फोन यायला लागले. गिअर अडकतोय, मीटरचा काटा हलत नाही, पेट्रोलचा वास येतोय. पप्पा फोन कानाला लावून रिकाम्या शेडमध्ये येरझाऱ्या घालायचे आणि हवेत हात फिरवून तिला नट कुठं आहे ते सांगायचे. महिन्याकाठी ती स्वतः येऊन त्यांना घेऊन जायची. मी आईजवळ कुरकुर करायचे आणि आई म्हणायची, "त्यांचा रविवार तरी बरा जातो."

एका रविवारी मी माझी गाडी शेडमध्ये नेऊन लावली. पप्पांना म्हटलं, "वळवताना पुढून कटकट आवाज येतो. सर्व्हिस सेंटरवाल्यांना सापडत नाही."

"ह्या नव्या गाड्यांतलं मला काही कळत नाही. सगळा कॉम्प्युटर असतो."

"बघा तरी."

त्यांनी आढेवेढे घेतले. मग चष्मा बदलला, बॉनेट उघडलं, मला स्टिअरिंग फिरवायला लावलं आणि स्वतः चाकाशी कान लावून बसले. "अजून डावीकडं. हं. आता उजवीकडं. सावकाश, सावकाश!" ते खेकसले. मी आनंदानं सावकाश फिरवलं. आवाज नेमका कुठला ते काही सापडेना. पण ते उठायला तयार नव्हते. मला खाली बोलावून एकेक भाग बोटानं दाखवत होते, आणि मी नावं घोकत होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर रावेतच्या त्या बाईचं नाव. त्यांनी फडक्याला हात पुसले, फोन घेतला आणि म्हणाले, "नंतर कर गं. मुलीची गाडी बघतोय."

मला त्या बाईची दया यायला हवी होती. बिचारी कुठंतरी रस्त्यात अडकलेली असेल. पण नाही आली. मी चाकाजवळून म्हटलं, "पप्पा, हा एक नट ढिला वाटतोय, बघा बरं."