नमुनेकाकांचं अधिक-उणे

पिंपरीच्या बाजारात मटार घेताना नमुनेकाका ढिगाच्या वरच्या शेंगांना हात लावत नसत. एक तळातून, एक मधून, एक कडेची, अशा सोलून बघायचे. भाजीवाली वैतागायची, "काका, घ्यायचं हाय का न्हाई? पंचनामा करताय व्हय?"

आमच्या कारखान्यात ते संख्याशास्त्रज्ञ होते. हजार नगांतले शंभर नमुने मोजून बाकीच्यांचं भविष्य सांगायचे, म्हणून नमुनेकाका. ते शंभर मोजायचं काम माझं. नोकरीत कायम व्हायला पंधरा दिवस उरले होते आणि कायम झालो की लग्न, असं ठरलेलं. त्या आनंदात मी एकदा वीस शाफ्टची, म्हणजे यंत्रातल्या दांड्यांची, जाडी मोजली आणि उरलेल्या ऐंशींची मापं कॅन्टीनमध्ये चहा पीत लिहून काढली. सुबक, एकसारखी. स्वतःवरच खूश झालो.

काकांनी कागद पाहिला. "खऱ्या मापांना एवढी शिस्त नसते रे. कुठे मोजलेस?"

"कॅन्टीनमध्ये."

"माल ट्रकवर चढतोय. साहेबांना मी सांगणार नाही. सही तुझी आहे."

साहेबांच्या केबिनपर्यंत ते माझ्या मागे चालत आले. मी दार उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी ट्रक थांबवला, माझा उद्धार केला. नोकरी जायचीच, पण काका आत आले आणि म्हणाले, "स्वतःहून सांगायला येणारा शंभरांत एखादाच. ठेवून घ्या." फेरमोजणीत अकरा शाफ्ट जाड निघाले. मी सहा महिन्यांनी कायम झालो. लग्नही तेवढंच लांबलं.

पुढे काका सरकारी खात्यात गेले. पिकांचे अंदाज काढायला उन्हातान्हात स्वतः शेतात उभे राहायचे. तिथून पुण्याच्या एका संशोधन संस्थेत, गव्हाच्या आनुवंशिकतेवर. "आता पिढ्या मोजतो," म्हणायचे.

एका रविवारी संत तुकाराम नगरात माझ्या घरी आले. चहा निवला तरी कप उचलेनात. मग सांगितलं: बियाण्याच्या दोन पाकिटांवरच्या चिठ्ठ्यांची त्यांच्याच हातून अदलाबदल झाली होती. चार वर्षांचे निष्कर्ष चुकीचे, आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक.

"त्या दिवशी तू केबिनचं दार कसं उघडलंस रे?"

"कसलं धाडस, काका! मागे तुम्ही होता. पळायला वाटच नव्हती."

ते हसले आणि कप उचलला.

सोमवारी मी रजा टाकली. कासारवाडी स्टेशनवरून दोघं पुण्याच्या गाडीत बसलो. संस्थेत संचालकांच्या दारापर्यंत मी त्यांच्या मागे चालत गेलो.